मृगजळ पाहणारी दुर्बीण

मृगजळ या शब्दाला आपल्या भाषेत कधी बरे दिवस आले नाहीत. कीर्तनकारांनी तो मायेसाठी वापरला, कवींनी प्रेमभंगासाठी आणि अग्रलेखकारांनी निवडणुकीतल्या आश्वासनांसाठी. आमच्या बँकेतही एखादा होतकरू उद्योजक पुढच्या पाच वर्षांच्या नफ्याचे तक्ते घेऊन आला, की एक ज्येष्ठ शाखाधिकारी फाइल मिटून एवढेच म्हणत, 'मृगजळ!' आणि पुढचा चहा मागवत. अशा या बदनाम मृगजळाकडे डोळे लावून दिवसच्या दिवस बसणारी, ते नीट दिसावे म्हणून लाख-लाख रुपयांची दुर्बीण घेणारी आणि ते सांगेल त्यावर बिनदिक्कत विश्वास टाकणारी शहाणीसुरती माणसे जगात आहेत, हे मला साठी उलटल्यावर कळले. ही माणसे म्हणजे लांब पल्ल्याचे नेमबाज.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा गेली पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे. नोकरी संगणकाची, पण जीव अडकलेला बंदुकीत. सरे परगण्यात बिस्ली नावाचे गाव आहे. क्रिकेटवाल्यांना जसे लॉर्ड्स, तसे लांब पल्ल्याच्या नेमबाजांना बिस्ली. ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा १८६० साली विम्बल्डनला भरली, तेव्हा पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. रायफल एका यांत्रिक घोडीवर आधीच रोखून ठेवली होती आणि लक्ष्य ४०० यार्डांवर होते, त्यामुळे राणीचा नेम चुकण्याची धास्ती कोणाला नव्हती. राणीने अडीचशे पौंडांचे बक्षीसही ठेवले. १८९० मध्ये हा सारा सोहळा बिस्लीला हलला आणि आजही दर जुलैत तेथे भरतो. १९३० साली मार्जोरी फॉस्टर या बाईने सगळ्या पुरुषांना मागे टाकून ते बक्षीस, तेव्हाचे 'किंग्ज प्राइझ', जिंकले. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवण्याची तेथे प्रथा आहे. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात पैलवानाला डोक्यावर घेतात, त्याचीच ही इंग्रजी आवृत्ती म्हणायची.

या स्पर्धेची अंतिम फेरी ९०० आणि १,००० यार्डांवरून होते. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, किलोमीटरला जेमतेम शंभर पावले कमी. एवढ्या लांब एक काळे वर्तुळ, त्याच्या मधला भाग साधारण दोन फुटांचा. आणि या पारंपरिक 'टार्गेट रायफल' प्रकारात बंदुकीवर दुर्बीण लावायला मनाई! पुढे माशी, मागे बारीक छिद्र आणि मध्ये माणसाचा डोळा, एवढ्यावरच भागवायचे. दुर्बीण असते ती वेगळी. बंदुकीच्या शेजारी, आपल्या स्वतःच्या स्टँडवर उभी. तिला म्हणतात स्पॉटिंग स्कोप. आजचा विषय ही शेजारी उभी असलेली दुर्बीण आहे.

आमच्या कोल्हापूरकडे नेमबाजी नवी नाही. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणले, तेव्हा गल्लोगल्ली पेढे वाटले गेले. पण हे ५० मीटर झाले. तेथे लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळीचे भोक साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. कागदी लक्ष्यांच्या काळात साध्या वीस पट दुर्बिणीतून ते भोक स्वच्छ दिसे. आता मोठ्या स्पर्धांत नेमबाजाच्या शेजारी पडदाच असतो आणि गोळी कोठे लागली ते दशांशासकट त्यावर उमटते. यावरून आपली समजूत अशी होते, की दुर्बीण ही भोक बघण्यासाठी असते. पल्ला जितका लांब, तितकी दुर्बीण जोरकस घ्यायची, झाले!

ही समजूत हजार यार्डांवर टिकत नाही. आकडेमोड हा माझा जुना व्यवसाय, म्हणून ती करून पाहिली. ७.६२ मिलिमीटरचे भोक हजार यार्डांवरून पाहिले, तर डोळ्याशी जो कोन होतो तो अवघा १.७ विकलांचा. एका अंशाच्या ३,६०० भागांपैकी पावणेदोनही नाहीत. एकोणिसाव्या शतकात विल्यम डॉज नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक आकाशातल्या जोडताऱ्यांचा अभ्यास करीत. भिंग किती बारीक तपशील वेगळा दाखवू शकते, याचा त्यांनी घालून दिलेला ठोकताळा आजही चालतो : ११६ या आकड्याला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचे. ६० मिलिमीटरच्या भिंगाला उत्तर येते १.९ विकला, म्हणजे भोक दिसणार नाही. ८० मिलिमीटरला येते १.४५, म्हणजे कागदोपत्री जेमतेम दिसावे. पण हे झाले हवा काचेसारखी स्थिर असेल तर. दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून किलोमीटरभर पाहताना हवा स्थिर असणे ही गोष्ट मार्चअखेरीस बँकेत शांतता असण्याइतकीच दुर्मीळ.

म्हणून बिस्लीत भोक बघतच नाहीत. लक्ष्यांमागच्या खंदकात माणसे बसलेली असतात. गोळी लागली की ती लक्ष्य खाली ओढतात, भोकात एक ठळक चकती बसवतात आणि लक्ष्य पुन्हा वर चढवतात. गुण दाखवायची खूण वेगळी. अलीकडे इलेक्ट्रॉनिक लक्ष्येही आली आहेत. चकती कोणत्याही बऱ्या दुर्बिणीतून दिसते. मग एवढी महागडी दुर्बीण कशाला?

तर ती मधली हवा बघायला.

गोळीला हजार यार्ड जायला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात वारा तिला बाजूला ढकलत असतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल, तर या बंदुकीची गोळी सात-आठ फूट सरकते. आठ इंच नव्हे, आठ फूट! नुसता ताशी एका मैलाचा फरक पडला, तरी नऊ-दहा इंचांचा घाटा. ताशी एक मैल वारा म्हणजे काय? उदबत्तीचा धूर किंचित कलतो, इतकाच. रेंजवर निशाणे लावलेली असतात, झाडांचे शेंडे हलत असतात, पण एवढी बारीक चाल त्यांच्यावरून कळत नाही. ती कळते उन्हाच्या झळांवरून. डांबरी रस्त्यावर दुपारी जे पाणी हलल्यासारखे दिसते, तेच. गरम हवेचे पापुद्रे वर चढताना वाऱ्याबरोबर वाहतात आणि दुर्बिणीत त्यांचा प्रवाह दिसतो. वारा मंद असेल तर झळा तिरप्या चढतात. जोर वाढला की आडव्या होतात आणि ओढ्याच्या पाण्यासारख्या धावू लागतात. ताशी बारा मैलांच्या वर गेल्या की सपाट होतात, मग पुन्हा निशाणांकडे वळावे लागते. आणि झळा सरळ उभ्या, उकळत्या भाताच्या वाफेसारख्या दिसू लागल्या, तर समजायचे की वारा पडला आहे, नाहीतर अगदी समोरून किंवा पाठीमागून वाहतो आहे. पुष्कळदा तो दिशा बदलण्याच्या बेतात असतो. जाणता नेमबाज त्या क्षणी चापावरचे बोट काढून घेतो.

म्हणजे गंमत पाहा. ज्या मृगजळाला आपण शतकानुशतके खोटे ठरवले, ते येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून खरे बोलते. फक्त त्याची साक्ष ऐकायला योग्य दुर्बीण हवी.

आता माझ्या भाच्याची अडचण. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्याचा उजवा डोळा माशीवर ठरेना. चाळिशी सगळ्यांना लागते, पण नेमबाजाला ती जास्त जाचते. हातभर अंतरावरचे कडे धूसर झाले, की गुण गळू लागतात. त्याने दोन वर्षे चष्मे बदलून पाहिले. मग त्याच्या क्लबने त्याला सुचवले, की सांघिक सामन्यांत वाऱ्याचा प्रशिक्षक म्हणून बसावे. सांघिक सामन्यात गोळी झाडणारा वाऱ्याचा हिशेब करीत नाही. मागे किंवा शेजारी बसलेला प्रशिक्षक दुर्बिणीतून झळा वाचतो आणि साइट किती सरकवायची ते सांगतो. झाडणाऱ्याने त्याच्यावर विसंबून चाप ओढायचा, एवढेच. माझी बहीण फोनवर म्हणाली, "अरे, त्याला खेळातून काढलंय असंच तो धरून बसलाय. तू जातोयस ना तिकडे, जरा बघ." मी आणि सौभाग्यवती त्या उन्हाळ्यात तेथे जाणारच होतो.

गेलो तेव्हा घरात वेगळाच वाद चालू होता. प्रशिक्षकाची सगळी मदार दुर्बिणीवर. भाच्याकडची जुनी दुर्बीण लहान, तिच्यात अर्ध्या तासाने डोळा शिणे. चांगली घ्यायची तर वरच्या दर्जाची दोन हजार पौंडांच्या पुढे. धाकट्या मुलीचे कॉलेज त्याच वर्षी सुरू होणार. भाचेसून शहाणी आहे. ती 'नको' म्हणाली नाही, एवढेच म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासलेत. हा एक तपासून द्या. एवढ्या पैशांत नक्की काय मिळतं?"

अर्ज तपासायला आम्ही शनिवारी दुकानात गेलो. दुकानदार उत्साही होता. त्याने पहिलीच दुर्बीण पुढे केली ती "साठ पट मोठं दाखवते" असे सांगून. अर्जात जो आकडा ठळक अक्षरांत असतो, त्याच्या शेजारचा बारीक अक्षरांतला आधी वाचायचा, ही बँकेतली शिकवण. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. एक, किती पट मोठे दिसते. दुसरा, पुढच्या भिंगाचा व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी निघते. ६० मिलिमीटरचे भिंग वीस पटीवर तीन मिलिमीटरचा झोत देते आणि साठ पटीवर एकच मिलिमीटरचा. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. तीन मिलिमीटरचा झोत असला की डोळा निवांत राहतो. एक मिलिमीटरच्या झोतात चित्र अंधारते, डोळा जरा हलला की नाहीसे होते आणि डोळ्यातला बारीकसारीक कचरासुद्धा तरंगताना दिसतो. हे ताडून पाहणे सोपे आहे. दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर लांब धरावी. डोळ्याकडच्या भिंगात पांढरी टिकली दिसते. ती कुंकवाच्या टिकलीएवढी हवी, मोहरीच्या दाण्याएवढी नको.

शिवाय पट वाढवली की लक्ष्य मोठे होते तशा झळाही मोठ्या होतात. साठ पटीवर सगळे चित्र रटरटू लागते आणि प्रवाहाची दिशाच हरवते. म्हणून जाणकार वीस ते तीस पटीच्या दरम्यान थांबतात. बदलत्या पटीपेक्षा पंचवीस-सत्तावीस पटीचे एकच स्थिर भिंग पुष्कळांना आवडते, कारण त्यात एका वेळी दिसणारा टापू रुंद असतो. लक्ष्य, शेजारची निशाणे आणि मधली हवा एकाच नजरेत येतात. भाच्याने मला एक युक्ती दाखवली. आधी लक्ष्यावर फोकस करायचे, मग चाक हळूच मागे फिरवून मधल्या टप्प्यावर आणायचे. लक्ष्य किंचित धूसर होते आणि झळा एकदम उठून दिसतात. त्यामुळे फोकसचे चाक लोण्यासारखे फिरले पाहिजे. अडखळणारे चाक असलेली दुर्बीण कितीही नामांकित असो, या कामाची नव्हे.

बाकीच्या अटी अशा. पुढचे भिंग ६० मिलिमीटरच्या खाली नको, ८० च्या आसपास असेल तर उत्तम. काच कमी रंग फाकवणारी हवी. तपासायचे कसे? आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार किंवा घराची कड पाहावी. कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली, तर काच साधी. कोवा या जपानी कंपनीच्या काही दुर्बिणींत फ्लुओराइट स्फटिकाचे भिंग असते, त्यात ही झालर जवळजवळ दिसत नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजांत या कंपनीला मान आहे तो यामुळे. चष्मा असणाऱ्याने डोळा भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, ते पाहावे. पंधरा मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्मा काढावा लागतो, आणि दर मिनिटाला चष्मा काढघाल करणारा प्रशिक्षक कोणाला हवा? पालथे पडून झाडणाऱ्यांसाठी डोळ्याकडची नळी पंचेचाळीस अंशांत वाकवलेली बरी. दुर्बीण तोंडाशी आणून ठेवली, की मान न हलवता मोकळ्या डोळ्याने पाहता येते आणि अंग जमवलेले मोडत नाही. आणि शेवटची गोष्ट स्टँड. लोक दुर्बिणीवर हजारो रुपये घालतात आणि ती छायाचित्रकाराच्या हलक्या तिपाईवर चढवतात. वारा मोजायला बसायचे आणि वाऱ्यानेच दुर्बीण थरथरायची! स्टँड जड हवा, बुटका हवा, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरायला हवेत.

दुकानातून आम्ही काही न घेता निघालो. दुकानदाराचा चेहरा पडला, पण भाचा मात्र ताजातवाना झाला. दोन वर्षांत प्रथमच तो काय गेले हे सोडून काय लागणार आहे, याबद्दल बोलत होता. पुढच्या आठवड्यात क्लबमधल्या एका ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांनी आपली जुनी दुर्बीण विकायला काढल्याचे कळले. ८० मिलिमीटरचे भिंग, सत्तावीस पटीचे स्थिर नेत्रभिंग, वाकडी नळी. आम्ही टॉर्च घेऊन गेलो. जुन्या दुर्बिणीत पुढून उजेड टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी, आणि ती भिंगावरचा लेप खाते. आपल्या कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात हा रोग फार. म्हणून आपल्याकडे घेणाऱ्याने हवाबंद, नायट्रोजन भरलेलीच घ्यावी आणि चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवू नये. ही मात्र स्वच्छ निघाली. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत सौदा झाला. त्या गृहस्थांनी स्टँड वर दिला आणि म्हणाले, "हिच्यातून मी स्वतःसाठी पाहिलं त्यापेक्षा दुसऱ्यांसाठी जास्त पाहिलं." भाचा त्यावर काही बोलला नाही, पण गाडीत बसल्यावर ते वाक्य त्याने मला दोनदा सांगितले.

परतण्याआधी त्याचा एक सामना पाहायला मिळाला. झाडणारी एकोणीस वर्षांची मुलगी, हजार यार्ड, आणि मी मागे खुर्ची टाकून सौभाग्यवतींनी दिलेला चहाचा थर्मास सांभाळत बसलेलो. शेजारी एक माणूस प्रत्येक गोळीची नोंद तक्त्यावर करीत होता. अशी नीटनेटकी खतावणी पाहून मला बरे वाटले. सात गोळ्या चांगल्या गेल्या. आठवीच्या वेळी मुलीने श्वास रोखला आणि भाचा हलकेच म्हणाला, "थांब." निशाणे जशीच्या तशी होती. मला काहीच कळले नाही. त्याने मला दुर्बिणीतून पाहायची खूण केली. डावीकडून उजवीकडे धावणाऱ्या झळा उभ्या राहून उकळत होत्या. मी पाहतो आहे तोवर त्या उजवीकडून डावीकडे वाहू लागल्या. मग कोठे निशाणांना जाग आली. भाच्याने नवा आकडा सांगितला, साइटचे चाक फिरले, गोळी सुटली. लक्ष्य खाली गेले, वर आले. चकती मधोमध होती. मुलीने मागे वळून पाहिलेसुद्धा नाही, पुढची गोळी भरली. मला वाटते, प्रशिक्षकाला याहून मोठी शाबासकी नसावी.

त्यांचा संघ त्या दिवशी चौथा आला. खुर्चीत बसवून कोणाला मिरवले नाही. बहिणीला फोन केला तेव्हा मी सांगितले, "खेळातून कोणी काढलेलं नाही त्याला. जागा बदलली आहे." ती म्हणाली, "आणि पैसे?" मी म्हटले, "हिशेबात बसले." या दोन वाक्यांनी तिचे समाधान झाले.

एका वयानंतर आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला चाप ओढण्याचे काम येत नाही, शेजारी बसून पाहण्याचे येते. मुलांच्या संसाराकडे, नातवंडांच्या अभ्यासाकडे, गल्लीतल्या नव्या दुकानदाराच्या धडपडीकडे. तेथेही मोह होतो तो साठ पटीचा, त्यांचे प्रत्येक भोक मोठे करून पाहण्याचा. पण उपयोगी पडते ते मधल्या हवेवर लक्ष ठेवणे आणि वेळ आली तर हलकेच "थांब" म्हणणे. त्यासाठी डोळा शिणू न देता बराच वेळ पाहता आले पाहिजे.

म्हणून वाचकांपैकी कोणाच्या घरी नेमबाज असेल आणि दुर्बीण घ्यायची वेळ आली, तर भर दुपारी जावे, दारात उभे राहून तापलेल्या रस्त्यावर रोखून पाहावे आणि घाई करू नये. दुकानदार विचारेल, "किती पटीची देऊ?" त्याला सांगावे, "पट राहू द्या. तासभर बघवेल अशी द्या."